तिसाच्या आत

"तेहतीस पूर्णांक तीन," डॉक्टर ऋजुता म्हणाली, आणि कमलिनीला हसू फुटलं. ते आवरेना, म्हणून तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. गेले अकरा दिवस ती या इस्पितळात परीक्षेला बसल्यासारखी येत होती. धाकट्या भावाला, गुरुमूर्तीला, आपली एक किडनी द्यायची तर आधी आपलं शरीर पास व्हायला हवं, एवढं तिला पहिल्याच दिवशी समजलं होतं. आणि शरीर एकेक पेपर पास होत गेलं होतं. भावजयीचा, सीतालक्ष्मीचा, रक्तगट जुळला नव्हता, तिचा जुळला. साखर नाही, रक्तदाब नाही, एकोणपन्नासाव्या वर्षी दोन्ही किडन्या अशा की फोटो पाहून तंत्रज्ञानं तमिळमध्ये शाबासकी दिली. रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला वाटे, उद्या कुठंतरी आत, न दिसणाऱ्या जागी काहीतरी सापडणार. आणि आज, शेवटच्या दिवशी, ज्याला सुई लागत नाही की अंधारी खोली लागत नाही, अशा एका साध्या काट्यानं तिला अडवलं होतं. ऐंशी किलो. उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर.

"हसताय का तुम्ही?"

"काही नाहीं गे, डॉक्टरम्मा. अस्की परीक्षा पास जाहलें, आणि तराजूनं नापास केलं."

डॉक्टरलाही हसू आलं. ती नाशिकची, किडनीचं शिक्षण घ्यायला दोन वर्षांपूर्वी चेन्नईला आलेली, तिशीही न गाठलेली मुलगी. कमलिनीचं तंजावरी मराठी, 'सगळं'ला 'अस्कं' म्हणणारं, तिला पहिल्या दिवसापासून एखाद्या जुन्या पोथीतून ऐकू आल्यासारखं वाटे, आणि कमलिनीला तिचं मराठी रेडिओतल्या बाईसारखं. दोघींना एकमेकींच्या बोलण्याची गंमत वाटायची, म्हणूनच बहुधा डॉक्टर इतर रोग्यांना द्यायची त्याहून दहा मिनिटं जास्त तिला देत असे. तेहतीस पूर्णांक तीन हा बीएमआय कसा आला ते तिनं कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं. वजनाला उंचीनं भागायचं, मीटरमध्ये. जे येईल त्याला पुन्हा उंचीनं भागायचं. "दोनदा कशाला?" कमलिनीनं विचारलं. हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता असं डॉक्टरच्या चेहऱ्यावर दिसलं. "कारण उंच माणूस नुसता उंच नसतो, रुंदही असतो. एकदाच भागलं तर उंच माणसं उगाच जाड ठरतील. दोनदा भागलं की उंच-बुटके जवळजवळ एका रांगेत येतात. जवळजवळच, हं." साडेअठरा ते पंचवीस ठीक. आपल्या लोकांना तर तेविसाच्या पुढंच सांभाळा म्हणतात हल्ली, आपली चरबी पोटात लवकर साठते म्हणून. आणि तिसाच्या वर असलेल्या माणसाची किडनी इथं घेत नाहीत. भूल देताना त्रास, टाके भरायला वेळ, आणि पुढंमागं मधुमेह लागला तर सगळा भार उरलेल्या एकीवर. "तुमच्या भावाला बरं करायचं म्हणून तुम्हाला आजारी नाही पाडायचं आम्हाला. बहात्तरच्या आत या. आठ किलो. चार-पाच महिने लागतील. ते डायलिसिसवर आहेत, तेवढं थांबता येईल. पण उपास करून नाही. चालायचं, आणि ताटातला भात निम्मा."

खाली जायला लिफ्ट होती. कमलिनी जिन्यानं उतरली. चार मजले, आणि प्रत्येक वळणावर कठड्याचा गार लोखंडी स्पर्श तळव्याला होत होता, गुडघे कुरकुरत होते, आणि तिच्या छातीत काहीतरी असं उसळत होतं की ते दुःख नाही हे तिला दुसऱ्या मजल्यावरच कळून चुकलं. ती थांबली. एका बाजूला तीच ती पिवळट भिंत, तमिळमध्ये 'थुंकू नका'. आपल्याला आनंद झालाय. सख्खा भाऊ आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडला जातो, त्याच्या हाताची शीर फुगून दोरीसारखी झाली आहे, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो म्हाताऱ्यासारखा पाय ओढतो, आणि आपल्याला आनंद. कशाचा? नापास झाल्याचा? तिनं स्वतःला खडसावून पाहिलं. उपयोग झाला नाही. आठ किलो हा शब्द तिच्या डोक्यात एखाद्या गाण्यासारखा वाजत राहिला. आठ किलो, आठ किलो. उरलेले दोन मजले ती जवळजवळ धावतच उतरली.

वजनाशी तिचा संबंध जुना होता, पण तो कधी तिच्या हातात नव्हता. तंजावरला, पूर्वेच्या वेशीजवळ तांदळाची मंडी होती, आणि तिथं माणसाच्या दुप्पट उंचीचा तराजू. ती दहा वर्षांची असेल. सुट्टीतल्या दुपारी मंडीतल्या लोकांनी गंमत म्हणून तिला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात पाच वर्षांचा गुरु आणि त्याच्याएवढी आणखी दोन पोरं. साखळ्या करकरल्या, गंजाचा आणि कोंड्याचा वास नाकात गेला, आणि तिचं पारडं जमिनीवरून हललंच नाही. "गुंडू जिंकली!" कुणीतरी ओरडलं, जाडी जिंकली. गुरु सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग तिच्या डोळ्यांत पाणी पाहून सगळ्यांत मोठ्यानं रडलाही. त्या दिवसापासून तिचं शरीर हे तिच्याबरोबर चालणारं दुसरं कुणीतरी झालं. लग्नात ते आधी आत शिरलं, मग ती. नवरा विद्याधर भला माणूस, पण कोडंबाक्कमच्या उड्डाणपुलाखाली तो स्कूटर थांबवून म्हणायचा, "तू उतर, चढापुरती चाल, इंजिन तापतं." तो वर जाऊन थांबायचा. ती पदर खोचून, हसत, लोकांकडं न पाहता चालत वर जायची. विद्याधर जाऊन आठ वर्षं झाली होती. स्कूटर विकली होती. पण त्या चढावर धापा टाकत, कुणी आपल्याला पाहत नाही असं मानत चाललेली ती पावलं अजून तिच्या पायात होती. या सगळ्या वर्षांत शरीराबद्दल बोलणं झालं ते चेष्टेचं नाहीतर काळजीचं. हे शरीर कुणाला तरी हवं आहे, आठ किलो कमी करून का होईना पण हवं आहे, असं कोणी म्हणालं नव्हतं.

पोंगल होऊन आठवडा झाला होता, हवा अजून मऊ होती. ती पश्चिम मांबलमला राहायची आणि बंदराच्या कार्यालयात कारकून होती. मांबलम स्टेशनातून बीच स्टेशनपर्यंत गाडी, तिथून कार्यालय पाच मिनिटांवर. दुसऱ्या दिवसापासून ती एक स्टेशन आधी, फोर्टला उतरू लागली. पहिल्या आठवड्यात हायकोर्टाच्या लाल भिंतीपर्यंत पोचताना तिला वाटे की आपण काही पोचत नाही. मग जॉर्ज टाउन सुरू व्हायचं, आणि ती विसरायची. हिंगाच्या दुकानासमोर हवा जड व्हायची, कागदाच्या गठ्ठ्यांच्या गल्लीत कोरडी. हातगाड्यावाले "वळि, वळि, बाजूला!" म्हणून ओरडत अंगावर यायचे, आणि तिला चटकन बाजूला होता येतं, हे तिला तिथं प्रथम समजलं. इतकी वर्षं ती या भागाच्या काठावर नोकरी करत होती आणि आत कधी शिरली नव्हती, कारण शिरायचं म्हणजे अंग चोरायचं. आता घाम पाठीवरून एका धारेनं उतरायचा, पोटऱ्या तापायच्या, रक्त कानात वाजायचं, आणि या सगळ्याची तिला किळस न वाटता नवल वाटायचं. महिन्याभरानं ती दोन स्टेशनं आधी उतरू लागली.

हिशेब मात्र तिला घरी, स्वयंपाकघरात लागला. एक अंश म्हणजे दोन किलो चारशे ग्रॅम. त्याचा दहावा भाग म्हणजे दोनशे चाळीस. तूरडाळीची पाव किलोची पिशवी तिनं तळहातावर घेतली. हे एवढं अंगावरून गेलं की आकड्याच्या शेवटचं घर एकानं खाली येतं. ती पिशवी तिनं गालाला लावून पाहिली, पोटाला लावून पाहिली. मुलगी वाणी जुन्या महाबलिपुरम रोडवरच्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. रात्रपाळीनं डोळे लाल करून आलेली ती दारातच थांबली. "अम्मा, व्हॉट आर यू डूइंग?"

"मोजत्यें."

वाणीनं कंपनीच्या कागदावर एक आलेख छापून आणला आणि फ्रीजवर चिकटवला. खाली जाणारी एक तिरकी रेघ, तळाशी लाल आडवी रेघ, बहात्तर किलोवर. कमलिनी दर रविवारी पेनानं एक ठिपका द्यायची. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं. सत्त्याहत्तर. ठिपका दिला की ती खिडकीशी जाऊन खालच्या फुलवालीकडं, सायकलवरच्या दूधवाल्याकडं अशी पाही जणू त्यांनाही ही बातमी कळली असावी. मग एकाएकी गुरुचा सुजलेला चेहरा आठवे आणि तिला आपण चोरी केल्यासारखं वाटे. फेब्रुवारीत एकदा तिला स्वप्न पडलं: गुरु बरा झाला आहे, किडनीची गरज नाही, सगळे हसतायत; आणि ती एका कोपऱ्यात ओक्साबोक्शी रडते आहे. जागी झाल्यावर ती बराच वेळ पंख्याकडं पाहत पडून राहिली. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

शनिवारी तिला सुट्टी. डायलिसिसच्या वेळी सीतालक्ष्मीऐवजी ती गुरुजवळ बसायची. आठ खाटा, आठ यंत्रं, आणि प्रत्येक यंत्रात फिरणारा तो लहानसा पंप, माणसाचं रक्त बाहेर काढून, धुऊन परत देणारा. सुरू करण्याआधी गुरुला काट्यावर उभं करत, आणि संपल्यावर पुन्हा. साडेत्रेसष्ट. साडेसाठ. पहिल्यांदा हे आकडे ऐकले तेव्हा तिनं मनातल्या मनात भागून पाहिलं. गुरुची उंची एकशे साठ. चोवीस पूर्णांक आठ होता तो चार तासांत तेवीस पूर्णांक सहावर आला होता. तिला सहा आठवडे लागले असते त्याला. पुढच्या भेटीत तिनं हे डॉक्टर ऋजुताला सांगितलं, जरा रागानंच: "तुमच्या आकड्याला पाणी आणि मांस यातला भेद कळत नाहीं. माझा भाऊ कागदावर धडधाकट दिसतो."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगायला तुम्हाला बोलावलं पाहिजे. नाहीच कळत. चरबी, स्नायू, हाड, पाणी, त्याला सगळं सारखंच. एखादा पैलवान उभा केला तरी तो तीस दाखवील. ती चाळणी आहे हो, कमलिनीबाई. चाळणीत वर राहिलं त्याच्याकडं नीट बघायचं, एवढंच." मग तिनं टेप काढून कमलिनीची कंबर मोजली, आणि म्हणाली, "तुमच्या बाबतीत मात्र चाळणीचं बरोबर आहे." दोघी हसल्या.

शनिवारचं दुसरं एक होतं. गुरुला मोजून खायचं, मोजून प्यायचं. मीठ नाही, पाणी दिवसाला तीन पेले. मार्चपासून तो सीतालक्ष्मीकरवी अक्कासाठी काहीतरी मागवून ठेवू लागला. कधी अयोध्या मंडपाजवळच्या ठेल्यावरची तुपानं ओली झालेली गरम पोळी, कधी काजू घातलेलं पोंगल. "मज खाता येईना, अक्का. तू खा. मी पाहतों." सुया टोचलेला हात उशीवर सरळ ठेवून तो मान वळवून तिच्याकडं पाहत राहायचा. ती पहिला घास घ्यायची तेव्हा त्याचा गळा हलायचा. नाही कसं म्हणणार? लहानपणी तिच्या पानातला गोड वाटा तो न विचारता उचलायचा. आता तो स्वतः न खाता तिला भरवत होता. पुरणाचा, वेलचीचा, तुपाचा वास त्या खोलीतल्या औषधाच्या वासात मिसळायचा आणि तिचे डोळे भरून यायचे. एकच पोळी. मग "आणखी एक, माझ्यासाठी." मग बुधवारी संध्याकाळी सीतालक्ष्मी डबा घेऊन यायची, "त्यांनी पाठवलंय, अक्का, तुम्ही खाल्लंत का ते विचारणार आहेत." कमलिनी खायची. डबा रिकामा धाडायची. दुसऱ्या दिवशी आणखी अर्धं स्टेशन चालायची.

फ्रीजवरची रेघ पंचाहत्तरावर आली आणि आडवी झाली. एक रविवार, दोन रविवार, पाच रविवार. एकतीस पूर्णांक दोन. एप्रिल सुरू झाला, सकाळी सातलाच डांबर चटका देऊ लागलं. तिनं भात निम्म्याचा निम्मा केला, कार्यालयातली तळलेली बोंडं सोडली, कॉफीतली साखर सोडली. ठिपका हलेना. पहिल्यांदाच तिला भीती वाटली, आणि ती भीती नेमकी कोणासाठी हे तिनं स्वतःला विचारलं नाही. आकड्यावर तिचा जीव जडला होता. तो आता तिच्याशी बोलत नव्हता. रात्री ती आरशासमोर उभी राही. दंडावरचं मांस सैल, कमरेवरची घडी तशीच. परत तेच जुनं कुणीतरी, पारड्यात बसलेलं, न हलणारं.

महिन्याच्या शेवटी डॉक्टर ऋजुतानं आलेख पाहिला, डोळे बारीक केले, काय काय खाता ते विचारलं. कमलिनीनं सगळं सांगितलं. पोळीचं सांगितलं नाही. ते आपल्या दोघांतलं, असं तिला वाटलं. डॉक्टर फाइल मिटत म्हणाली, "होतं असं, मध्येच थांबतं. घाबरू नका. तुमचे भाऊसुद्धा फार काळजीत आहेत बरं का. तीनदा विचारून झालं मला."

"काय विचारलं?"

"की अक्का तिसाच्या वर राहिली तर तिची किडनी नक्की घेणार नाही ना. मी म्हटलं, अजून वेळ आहे, हताश नका होऊ."

कमलिनी "बरं" म्हणाली, पिशवी उचलली, बाहेर आली. बाकावर बसली. समोर एक बाई लहान बाळाला झोपवत होती. नक्की घेणार नाही ना. ती ते वाक्य गुरुच्या आवाजात म्हणून पाहू लागली, एकदा काळजीच्या सुरात, एकदा भीतीच्या. कुठल्याच सुरात ते नीट बसेना. मग तिसऱ्या सुरात बसलं. मार्चपासूनचे सगळे शनिवार तिच्यासमोरून गेले: मान वळवून पाहणारा तो, हलणारा गळा, "आणखी एक, माझ्यासाठी". बुधवारचा डबा. खाल्लंत का ते विचारणार आहेत. तिला इतका राग आला की तो राग आहे हेच क्षणभर कळलं नाही. वाटलं, चालल्यावर येतं तसं रक्त कानात आलंय.

पुढचा शनिवार. यंत्र सुरू होऊन अर्धा तास झाला होता. गुरुला आता साडेतीन तास कुठं जाता येणार नव्हतं. खाटेजवळच्या टेबलावर केळीच्या पानात गुंडाळलेली पुडी होती, तुपानं पान चमकत होतं.

"गुरु, तू डॉक्टरम्माला काय विचारलास?"

तो छताकडं पाहू लागला. "काय विचारलों?"

"तीनदा विचारलास."

पंप फिरत राहिला. शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता.

"पोळी गार होत्ये, अक्का."

"होऊ दे. मज दोन महिने खायला घातलास. मी वर राहावें म्हणून. आणि मी खाल्लें, तुझं प्रेम म्हणून खाल्लें."

"प्रेमच होतं ते," गुरुमूर्ती म्हणाला. मग छताशीच बोलल्यासारखा बोलू लागला. "भावोजी गेले. मी हा असा. तुज काही जाहलं तर वाणीला कोण? टेबलावर नाहीं तर दहा वर्षांनी होईल, एकच उरलेली ती बिघडेल, मग? तुज नक्को म्हणालों असतों तर तू ऐकली असतीस का? कधी ऐकलीस? म्हणून म्हटलं, काटाच नक्को म्हणूं दे. तुज दोष नाहीं, मज दोष नाहीं. आकडाच आला नाहीं, काय करणार. अस्कं सोपं."

सोपं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. गालावर सूज, डोळ्यांखाली काळं, ओठ कोरडे. पाच वर्षांचा असताना तो दुसऱ्या पारड्यात बसून जसा हसता हसता रडला होता, तसाच चेहरा. ती खूप बोलायचं ठरवून आली होती. वाणी मोठी आहे, तिला सगळं माहीत आहे, डॉक्टरनं धोका कागदावर लिहून दिलाय, तो किती लहान आहे, तेही लिहून दिलंय. यातलं काही तिच्या तोंडून आलं नाही. जे आलं ते ऐकून ती स्वतःच दचकली.

"मी तुज एक सांगत्यें, गुरु. तू आजारी पडलास, आणि मी सुखात आहें."

त्यानं मान वळवली.

"जानेवारीपासून. इतकी सुखात मी लग्नातही नव्हतें. सकाळी उठत्यें आणि वाटतं, आज कितीवर येईल. जॉर्ज टाउनात पोरीसारखी चालत्यें. तुझ्या या यंत्राजवळ बसत्यें तरी मनात तेंच. मज लाज वाटते रे. देवापुढं उभी राहत्यें तेव्हा तुझं नाव घेत नाहीं मी, बहात्तर म्हणत्यें. माझं हे अंग, आयुष्यभर वाहून नेलेलं, त्याला प्रथमच कुणीतरी काम दिलं. आणि तू तें काढून घेत होतास, पोळी घालून."

ती थांबली. आता त्याला कळलं, आता तो आपल्याला ओळखणार नाही, असं वाटून तिनं पदराची कड बोटाला घट्ट गुंडाळली. गुरु तिच्याकडं पाहतच राहिला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो हसू लागला, असा की सुया टोचलेला हात उशीवरून सरकला आणि यंत्र किंचाळू लागलं. नर्स धावत आली, हात हलवू नका सार, किती वेळा सांगायचं, म्हणून दोघांवर ओरडली, नळी सरळ केली, कसलं तरी बटण दाबलं. यंत्र शांत झालं. गुरुच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. कमलिनीनं पुसलं.

"सुखात आहेस," तो म्हणाला.

"होय."

"मग अर्ध्यात कशाला सोडत्येस? सरी, बरं. उतर." आणि नर्सला हाक मारून त्यानं टेबलावरची पुडी दाखवली. "सिस्टर, ती पोळी घेऊन जा. माझी अक्का डाएटवर आहे."

मे महिना. कत्तरीचं, वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन, पहाटे पाचला घराबाहेर पडलं तरी हवेला कढत्या भांड्याच्या वाफेचा स्पर्श. कमलिनी चालत होती. रेघ पुन्हा खाली झुकली. चौऱ्याहत्तर. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, आनंदाची चव बदलली होती, ती जास्त साधी झाली होती, पाण्यासारखी. गुरु रविवारी सकाळी स्वतः फोन करायचा. "कितीवर?" "त्र्याहत्तर आणि दोनशे." "आणि मी चोवीस पूर्णांक नऊ. पाण्यासकट." इस्पितळानं दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं, कुणाची जबरदस्ती तर नाही ना. कमलिनी "नाही" म्हणाली आणि उगाच लाजली. गुरुनं काय सांगितलं ते तिला कळलं नाही. पण बाहेर आल्यावर त्यानं तिचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

जूनच्या तेविसाव्या तारखेला, शुक्रवारी, ती सकाळी काही न खाता काट्यासमोर उभी राहिली. चपला काढल्या. बांगड्या काढल्या. डॉक्टर ऋजुता म्हणाली, "बांगड्या राहू द्या हो, तेवढ्यानं काही होत नाही," आणि स्वतःच काट्यावर वाकली. आकडे पळत होते. पळून थांबले. एकाहत्तर पूर्णांक आठ. डॉक्टर म्हणाली, उतरा. परत चढा. एकाहत्तर पूर्णांक आठ. मग भिंतीशी उभं करून उंची पुन्हा घेतली, एकशे पंचावन्न, आणि कॅल्क्युलेटर कमलिनीच्या हातात दिलं. तिनं भागलं. पुन्हा भागलं. तिची बोटं घामानं बटणांवरून घसरत होती. एकोणतीस पूर्णांक आठ, आठ, काहीतरी.

"एकोणतीस पूर्णांक नऊ," डॉक्टरनं मोठ्यानं वाचलं आणि तिच्या फाइलीवर लिहिलं; लिहिताना तिचं अक्षर वाकडं आलं. "हे ठीक नाही हं अजून, लक्षात ठेवा. पुढं जायचंय. पण आतमध्ये आलात."

कमलिनीला ओरडायचं होतं. तिनं ओरडण्याऐवजी त्या मुलीला मिठी मारली, आणि तिच्या पांढऱ्या कोटाला खोबरेल तेलाचा डाग पडला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. तिला आठवतं ते एवढंच: छतावरचा गोल दिवा, हातात शिरणारी थंडी, आणि मग एकदम सीतालक्ष्मीचा चेहरा, अगदी जवळ, कुंकू फिसकटलेलं. कमलिनीला बोलता येत नव्हतं. डाव्या कुशीत कुणीतरी तापलेली सळई ठेवल्यासारखं दुखत होतं. सीतालक्ष्मीनं न विचारताच सांगितलं, टेबलावरच चालू झाली, अक्का, जोडल्याबरोबर. दुपारच्या ग्लानीत कमलिनीला वाटलं, एक किडनी म्हणजे दीडशे ग्रॅम असं डॉक्टरम्मा म्हणाली होती. तिनं भागायला घेतलं. शून्य पूर्णांक शून्य सहा. आकड्याला ते दिसणारसुद्धा नाही, तो जिथल्या तिथं राहील. याचं तिला इतकं बरं वाटलं की ती परत झोपली.

सातव्या दिवशी तिला घरी सोडणार होते. त्याआधी भावाला पाहू द्या म्हणून ती हटून बसली. वाणीचा दंड धरून, कुशीवर हात दाबून, ती एकेक पाऊल टाकत दुसऱ्या टोकाच्या विभागापर्यंत गेली. तिथं आत जायला मनाई. गुरुला जंतू लागू नयेत म्हणून काचेपलीकडं ठेवलं होतं. तो पलंगावर बसला होता, तोंडाला मास्क, पण डोळ्यांवरची सूज उतरली होती आणि त्याचे डोळे किती मोठे आहेत हे ती विसरूनच गेली होती. तिला पाहताच तो उठला. काचेजवळ आला. काहीतरी बोलला, मास्कमधून, काचेमधून, एक अक्षर ऐकू आलं नाही. तिनं कानाला हात लावून खूण केली. मग त्यानं एका हाताची पाचही बोटं काचेवर टेकवली, आणि दुसऱ्या हाताचं एक.

"काय म्हणतो? सहा काय?"

सीतालक्ष्मी बाजूलाच उभी होती. ती लाजली, इकडंतिकडं पाहिलं आणि कमलिनीच्या कानाशी वाकली. "काल लघवीची नळी काढली ना, अक्का. दीड वर्षानं स्वतः जातायत. आज सकाळपासून सहादा. येईल त्याला बोटं दाखवतायत. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा दाखवली."

कमलिनीला हसू आलं. टाके ओढले गेले, कळ थेट खांद्यापर्यंत गेली, तिनं दोन्ही हातांनी कूस दाबून धरली, "नक्को, नक्को, हसवू नक्को रे," म्हणाली आणि आणखी हसली. वाणी घाबरून "अम्मा, अम्मा" करत होती. मागून नर्स ओरडली. काचेपलीकडं गुरुमूर्तीचे खांदे हलत होते. मग तो एकाएकी गंभीर झाला, घाईघाईनं हात वर करून 'थांब' अशी खूण केली, आणि सलाईनचा स्टँड पुढं ढकलत सातव्यांदा निघाला.